बालमनाचे भाष्यकार

जुन्या शास्त्रग्रंथांच्या छपाईत एक शिस्त पाळलेली आढळते. पानाच्या वरच्या अंगास ठळक अक्षरांत मूळ सूत्र छापावयाचे, त्याखाली भाष्य, आणि भाष्यावर टीका असेल तर ती आणखी बारीक टाइपात. ही केवळ मुद्रकाची सोय नव्हे. भाष्यकाराचे म्हणणे ज्यास पटले नाही, त्यास मूळ सूत्राकडे परत जाण्याची वाट तीमुळे मोकळी राहते. शंकराचार्यांस ब्रह्मसूत्रांत अद्वैत दिसले, रामानुजांस विशिष्टाद्वैत दिसले, मध्वांस द्वैत दिसले. परंतु तिघांपैकी कोणीही सूत्रे दडवून ठेविली नाहीत, म्हणूनच तो वाद आजही घालता येतो. मूळ गाळून नुसते भाष्य हाती दिले, तर वाचकास शिष्य होता येईल, परीक्षक होता येणार नाही.

मनोविश्लेषणाच्या दृष्टीने बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या पंथाचे ग्रंथ वाचीत असता आम्हांस या जुन्या शिस्तीची वारंवार आठवण होत गेली. येथे मूळ म्हणजे प्रत्यक्ष मूल. ते बोलते थोडे, आणि बोलते त्याचा अर्थ सरळ नसतो. तेव्हा भाष्यकारावाचून गत्यंतर नाही हे उघड आहे. पण भाष्यकार मूल आपल्यापुढे ठेवितो काय, की आपले भाष्यच मुलाचे अंगरखे चढवून उभे करितो? प्रश्न दिसतो तितका पंडिती नाही. आमच्याकडील मानसशास्त्राचे काही पदवीधर पुढील अभ्यासासाठी या विषयाकडे वळत आहेत, आणि त्यांच्यामागून या शास्त्राची पुस्तके, परिभाषा व निदाने सुशिक्षित घरांत शिरत आहेत. धाकटे भावंड आल्यावर चार वर्षांचे पोर पुन्हा बोबडे बोलू लागते, रात्री दचकून उठते, अंगठा चोखते. त्याचा अर्थ सांगावयास कोणीतरी शास्त्री पुढे येतो, आणि तो अर्थ फिरून फिरून आईच्या माथी येऊन बसतो. एखाद्या आईने अशा पुस्तकाची चार पाने वाचून आठवडाभर झोप गमवावी, हे आमच्या मते काही थोडे नुकसान नव्हे. म्हणून या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास जे ग्रंथ बहुधा प्रथम हाती घ्यावे लागतात, त्यांतील काहींची पारख येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ अर्थातच फ्रॉइडच्या १९०९ च्या प्रबंधापासून. व्हिएन्नामधील पाच वर्षांचा हान्स घोड्यांस भिऊ लागला. घोडा चावेल, घोडा पडेल, या भयाने तो रस्त्यावर जाण्यास तयार होईना. त्याचा बाप संगीतसमीक्षक होता आणि फ्रॉइडच्या वर्तुळातला होता. मुलाचे बोलणे त्याने दररोज लिहून घ्यावे, फ्रॉइडकडे पाठवावे, आणि फ्रॉइडने अर्थ सांगावा, असा हा व्यवहार. उपचार चालू असता फ्रॉइडने मुलास समक्ष पाहिले ते एकदाच. निष्कर्ष सर्वश्रुत आहे: घोडा म्हणजे बाप, आईविषयीच्या अभिलाषेमुळे बापाकडून शिक्षा होईल ही भीती घोड्यावर लादली गेली, ईडिपस गंडाचे हे जिवंत उदाहरण.

या निष्कर्षाविषयी मतभेद असोत, पण एका गोष्टीचे श्रेय फ्रॉइडला दिलेच पाहिजे. त्याने बापाची टिपणे भरपूर छापली आहेत, स्वतःच्या मतास अडचणीची तीही. पहिल्या भेटीत फ्रॉइडने मुलास सांगितले की, तू जन्मण्याच्या आधीपासून मला ठाऊक होते की, आईवर फार प्रेम करणारा आणि त्यामुळे बापास भिणारा एक लहानगा हान्स येणार आहे. घरी परतताना पोराने बापास विचारले की, प्रोफेसरसाहेबांना हे सगळे आधीच ठाऊक असते, ते देवाशी बोलतात की काय? या एका प्रश्नात पुढील शंभर वर्षांच्या टीकेचे सार आले आहे, आणि तो प्रश्न स्वतः फ्रॉइडनेच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेविला आहे. असा भाष्यकार चुकला तरी वाचकाचा विश्वासघात करीत नाही.

मूळ छापल्याचे फळ पुढे दिसून आले. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविश्लेषकाने १९७३ साली त्याच टिपणांचा निराळा अर्थ लाविला. भय सुरू होण्यापूर्वी हान्स रडत जागा झाला होता, कारण झोपेत त्यास आई निघून गेली असे वाटले होते. मी परत येणार नाही असे आई त्यास सांगे, हेही बापाच्या टिपणांत आहे. आणि पांढऱ्या घोड्याविषयीची ती जुनी आठवण! सुट्टीच्या गावी एक लहान मैत्रीण परत जावयास निघाली, तिचे सामान स्टेशनावर नेणारी घोड्याची गाडी दाराशी उभी होती, आणि तिच्या वडिलांनी तिला बजाविले की, घोड्याला बोट लावू नकोस, चावेल. म्हणजे घोडा हे बापाचे रूप नसून ताटातुटीची खूण असेल, असे बोल्बी म्हणतो. आमचा कौल बोल्बीकडे आहे. बापाच्या मत्सराने पोर भ्याले हे समजण्यास आधी शास्त्र पढावे लागते. आई जाईल म्हणून पोर भ्याले हे समजण्यास टिपणे नीट वाचणे पुरते. पण फ्रॉइडने टिपणे आखडती घेतली असती, तर बोल्बीस आणि आम्हांस कौल देण्यास जागाच उरली नसती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण विद्यार्थ्यांस सहसा ओझरते सांगितले जाते, म्हणून त्याचा उल्लेख येथे मुद्दाम करितो. मुलांच्या मनोविश्लेषणाची पहिली उपासक हर्मिना हुग-हेल्मुट नावाची व्हिएन्नाची एक विदुषी होती. १९१९ साली एका अल्पवयीन मुलीची दैनंदिनी म्हणून तिने एक पुस्तक प्रसिद्ध केले. लेखिकेचे नाव नाही, पण फ्रॉइडचे प्रशंसापर पत्र आरंभी जोडलेले. पंथाच्या सिद्धांतांशी ती दैनंदिनी इतकी जुळत होती की, त्या जुळण्यानेच संशय उत्पन्न झाला. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने तिच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली, आणि १९२७ मध्ये जर्मन आवृत्ती बाजारातून काढून घेण्यात आली. मूळच बनावट असेल तर भाष्याचे काय व्हावयाचे? त्याच बाईने आपल्या पोरक्या भाच्याच्या बालपणीच्या लीला निबंधांतून छापिल्या होत्या. १९२४ च्या सप्टेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या भाच्याने तिचा खून केला. या घटनेचा अर्थ लावण्याचा मोह अनेकांस झाला आहे. आम्हांस तो अधिकार नाही. पण आपण ज्याचे निरीक्षण करितो ते मूल उद्या मोठे होऊन आपले पुस्तक वाचणार आहे, एवढी जाणीव या विषयाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी करून दिली पाहिजे. हान्सने ते वाचले. १९२२ साली तो एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण होऊन फ्रॉइडला भेटला, आणि आपली हकीकत वाचताना ती परक्याची वाटली, असे त्याने सांगितले.

मेलानी क्लाइन या बाईंविषयी लिहिताना आम्हांस लेखणी जपून चालवावी लागते, कारण त्यांच्या प्रतिभेविषयी शंका घेणे आम्हांस शक्य नाही आणि त्यांच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवणेही कठीण जाते. मुलाचा खेळ हे प्रौढाच्या मुक्त बोलण्याच्या जागी धरावे, खेळण्यांच्या हालचालींतून अबोध मन वाचावे, ही त्यांची कल्पना. आज मुलांवर मानसोपचार करणाऱ्या कोणाच्याही खोलीत लहान खेळण्यांची पेटी दिसते, ती त्यांची देणगी होय. १९२६ मध्ये त्या लंडनला आल्या. फ्रॉइडची कन्या अॅना हिच्याशी त्यांचा वाद त्या सुमारास पेटला. मुलाचे आईबाप अजून प्रत्यक्ष त्याच्या घरात आहेत, तेव्हा प्रौढाप्रमाणे त्याचे विश्लेषण करिता येणार नाही, आधी त्याचा विश्वास मिळवावा, असे अॅनाचे म्हणणे. क्लाइनबाईंस ही भीड अनावश्यक वाटे. १९४१ नंतर लंडनच्या मनोविश्लेषण संस्थेत हा वाद तीनचार वर्षे चालला. बाहेर बाँब पडत होते आणि आत तान्ह्या बालकाच्या मनात आईच्या स्तनाविषयी कोणत्या कल्पना असतात यावर निबंध वाचले जात होते. या चित्रास हसणे सोपे आहे. आम्ही हसत नाही, कारण जगातील निम्मी माणसे एकमेकांच्या मुलांवर आग टाकीत असता काही माणसे मुलाच्या मनाविषयी इतक्या निकराने भांडत होती, ही गोष्ट आम्हांस त्या काळाच्या मानाने दिलासा देणारीच वाटते.

क्लाइनबाईंचा जो ग्रंथ विद्यार्थ्याने समग्र वाचावा असे आम्ही म्हणू, तो त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये निघालेला, रिचर्ड नावाच्या दहा वर्षांच्या मुलाच्या विश्लेषणाचा वृत्तांत. १९४१ साल, स्कॉटलंडमधील एक लहान गाव, आणि सुमारे चार महिन्यांत झालेल्या त्र्याण्णव बैठका. मुलगा इतर मुलांस भिई, म्हणून शाळा सुटलेली; पण युद्धाच्या बातम्या मोठ्या माणसासारख्या वाचीत असे. खोलीच्या भिंतीवर नकाशा होता, त्याच्यासमोर उभा राहून तो शत्रूच्या आणि मित्रांच्या मुलखांची चिंता करी. त्याने आगबोटी, पाणबुड्या, तारामासे काढले. रंगांनी साम्राज्ये भरली, आणि प्रत्येक रंग घरातील एकेका माणसाचा. प्रत्येक बैठकीखाली बाईंनी पुढील वर्षांत सुचलेल्या टिपा दिल्या आहेत, आणि काही ठिकाणी आपलेच पूर्वीचे वागणे तपासून पाहिले आहे. हा प्रामाणिकपणा थोर आहे. तरीही पाचपन्नास पाने वाचून होताच वाचकास एक थकवा जाणवतो. मूल एक वाक्य बोलते, आणि त्याच क्षणी त्यावर तीन वाक्यांचा अर्थ कोसळतो: ही पाणबुडी म्हणजे बाबा, हे बंदर म्हणजे आई. मूल पुढचे वाक्य बोलते ते आता त्या अर्थाला धरून बोलते की स्वतःचे बोलते, हे सांगता येत नाही. सूत्र आणि भाष्य एकाच टाइपात, एकाच ओळीत छापल्यासारखे झाले आहे. आणि जेव्हा रिचर्ड उठून खिडकीशी जातो, बाहेरचे डोंगर पाहून सुंदर आहेत म्हणतो, तेव्हा वाचकास वाटते की, बाई, घटकाभर त्याला डोंगर पाहू द्या. बोल्बीने पुढे सांगितलेली एक हकीकत येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९३८ च्या सुमारास तो क्लाइनबाईंच्या देखरेखीखाली एका मुलाचे विश्लेषण शिकत असता त्या मुलाच्या आईस भेटण्याची त्यास मनाई होती, आणि थोड्याच महिन्यांत ती माउली वेड्यांच्या रुग्णालयात दाखल झाली. आत पाहणाऱ्याने बाहेर पाहू नये, हा दंडक कोठवर नेता येतो याचे याहून बोलके उदाहरण नाही.

आता अॅना फ्रॉइडकडे वळू. ही बाई मुळात प्राथमिक शाळेची शिक्षिका, आणि ते शिक्षकपण तिच्या लेखनात शेवटपर्यंत टिकले. व्हिएन्नात १९३७ मध्ये तिने आपल्या सहकाऱ्यांसह गरिबांच्या अगदी लहान मुलांसाठी एक शिशुगृह मॉन्टेसरीच्या वास्तूत उघडले. नाझींमुळे ते वर्षभरातच बंद पडले. (त्या मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या, आणि त्यांचा विचार गिजुभाई व ताराबाई मोडक यांनी त्याही आधीपासून आपल्याकडे रुजविला होता, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे.) लंडनमध्ये आल्यावर डॉरोथी बर्लिंगहॅम या मैत्रिणीसह तिने हॅम्पस्टेड भागात युद्धकालीन शिशुगृहे चालविली. अमेरिकेतून आर्थिक साहाय्य येई, आणि त्याच्या बदल्यात दरमहा वृत्तांत पाठवावा लागे. दात्यास हिशेब द्यावयाचा म्हणून लिहिलेल्या या वृत्तांतांइतके जिवंत लेखन या साऱ्या पंथात दुसरे नाही, असे आमचे मत आहे. तेथे काम करणाऱ्या प्रत्येक मुलीने, मग ती आंघोळ घालणारी का असेना, जे दिसले ते चिठ्ठीवर लिहावे असा नियम होता.

त्यांतील पॅट्रिकची गोष्ट वाचून कोणाही आईबापाच्या डोळ्यांस पाणी येईल. वय तीन वर्षे दोन महिने. शिशुगृहात सोडून जाताना घरच्यांनी त्यास बजाविले होते की, शहाण्यासारखा रहा, रडू नकोस, नाहीतर आई भेटावयास येणार नाही. पोराने शब्द पाळला, रडला नाही. त्याऐवजी जो कोणी आपल्याकडे पाहील त्याच्याकडे मान हलवून तो सांगे की, आई येईल, मला कोट घालील, घरी नेईल. पुढे त्यात भर पडत गेली: कोट घालील, मग त्याची साखळी ओढील, मग टोपी घालील. हे सारखे काय चालविले आहेस, असे कोणी म्हणाले, तेव्हा त्याने तेही थांबविले. आणि इतर मुले खेळत असता एका कोपऱ्यात उभा राहून तो ओठ व हात नुसते हालवू लागला: कोट घातला, साखळी ओढली, टोपी बसविली. शब्द एकही नाही.

येथे कोणता गंड, कोणता निरोध, हे लेखिकांनी जवळजवळ सांगितलेले नाही. सांगितले असते तरी आम्ही ते वाचले नसते, कारण त्या कोपऱ्यावरून आमची नजर हटली नसती. मूळ इतक्या ठळक अक्षरांत छापले असता भाष्यकाराने बारीक टाइपात राहावे हे त्यांस कळले होते. आणि तरीही या लेखनात सिद्धांत नाही असे नव्हे. बाँबपेक्षा आईपासून ताटातूट लहान मुलास अधिक जखमी करिते, हे त्यांनी १९४२ मध्येच, बाँब पडत असता, लिहून ठेविले. त्यांची एक योजना तर स्वतःच्याच सोयीच्या विरुद्ध गेली, तीही त्यांनी जशीच्या तशी सांगितली आहे. मुलांची लहान लहान कुटुंबे करून प्रत्येक कुटुंबास एकेक परिचारिका आई म्हणून नेमून दिली. शांतता नांदेल अशी अपेक्षा. झाले भलतेच: जी मुले आजवर सामोपचाराने राहत ती आपापल्या नव्या आईसाठी मारामाऱ्या करू लागली, ती खोलीबाहेर गेली की आकांत मांडू लागली, परंतु त्याबरोबरच जी बोलत नव्हती ती बोलू लागली, जी अंथरूण भिजवीत ती हळूहळू सुधारू लागली. मत्सर आणि विकास एकाच दारातून आले. १९५१ मध्ये सोफी डान या परिचारिकेसह तिने लिहिलेला एक निबंधही असाच: छळछावणीतून सुटलेली, आईबाप ठाऊक नसलेली साधारण तीन वर्षांची सहा मुले इंग्लंडातील एका घरी आली. त्यांनी खेळणी मोडली, मोठ्या माणसांस चावे घेतले. परंतु स्वतः जेवण्यापूर्वी शेजारच्यास घास पोहोचला काय हे ती पाहत, आणि एकमेकांपासून घटकाभर दूर राहण्यास तयार होत नसत. आई हेच मुलाचे सर्वस्व असे मानणाऱ्या शास्त्रास ही सहा मुले केवढे कोडे घालतात!

त्याच शिशुगृहांत बॉयलर सांभाळण्यास ठेविलेला एक मनुष्य होता, जेम्स रॉबर्टसन. बाकीच्यांप्रमाणे त्यासही पाहावयास शिकविले गेले. १९५२ मध्ये त्याने आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. त्या काळी इंग्लंडातील रुग्णालयांत आईस मुलाजवळ थांबू देत नसत. मूल दोन दिवस रडते आणि मग रुळते, असा डॉक्टरांचा अनुभव. रॉबर्टसनने दिवसातील वेळा आधीच ठरवून घेतल्या आणि भिंतीवरील घड्याळ चित्रात दिसू दिले, हेतू हा की, सोयीचे तेवढे निवडले असे कोणी म्हणू नये. लॉरा फार रडत नाही. ती रडे आवरते, आणि तिचे ते आवरणे पडद्यावर पाहवत नाही. डॉक्टर मंडळी पहिल्या प्रदर्शनात संतापली. पण १९५९ मध्ये सरकारी समितीने आईबापांस मुलाजवळ येण्याची मोकळीक असावी अशी शिफारस केली. या शास्त्राने मुलांचे जे रोकडे हित केले, ते असे भाष्याने नव्हे, घड्याळासह दाखविलेल्या मुळाने केले.

या सर्वांतून पदव्युत्तर शिक्षणाची जी पद्धत निघाली ती विचार करण्याजोगी आहे. १९४८ मध्ये एस्थर बिक या बाईंनी बोल्बीच्या निमंत्रणावरून लंडनच्या टॅविस्टॉक चिकित्सालयात तिचा आरंभ केला. विद्यार्थ्याने नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या घरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, एक तास जावयाचे. असे सुमारे दोन वर्षे. सल्ला द्यावयाचा नाही, उपचार करावयाचा नाही, कागद-पेन्सिल बाहेर काढावयाची नाही. घरी परतल्यावर आठवेल ते सर्व लिहावयाचे: बाळाने कोणता हात कोठे नेला, आईचा आवाज केव्हा बदलला, मोठे भावंड दारात किती वेळ उभे होते. या लिहिण्यात पारिभाषिक शब्द वर्ज्य. मग पाचसहा सहाध्यायी व एक गुरू यांच्यासमोर ते वाचावयाचे. वाचण्यास सोपे, करण्यास महाकठीण! बाळ रडत असता उचलून न घेणे, आई चुकते असे वाटत असता मुकाट बसणे, आणि मुख्य म्हणजे अर्थ न सुचू देणे. योगसूत्रांत ज्यास चित्तवृत्तींचा निरोध म्हटले आहे त्याचीच ही एक प्रापंचिक तालीम म्हणावी काय, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. पण तो आम्ही पुढे नेत नाही. गंमत ही की, बिकबाई क्लाइनपंथी. ज्या पंथात भाष्याचा सर्वात अधिक सुकाळ, त्याच पंथातून भाष्यास दोन वर्षे दाराबाहेर ठेवणारी विद्या निघाली.

दोष नाहीत असे नव्हे. एका तासाच्या पाहुण्यासमोर आई जशी वागते तशीच उरलेले तेवीस तास वागते, असे कोण म्हणेल? आणि घरी वर्ज्य केलेले भाष्य चर्चेच्या टेबलाशी दुप्पट जोमाने परत येते, ही तक्रारही खोटी नाही. डॅनियल स्टर्न या अमेरिकन संशोधकाने १९८५ च्या आपल्या ग्रंथात नेमका हाच सांधा दाखवून दिला: प्रौढ रोग्यांच्या आठवणींवरून रचलेले बालक निराळे, आणि प्रत्यक्ष पाहिलेले बालक निराळे. मार्गारेट माहलरने १९७५ मध्ये नवजात बालक पहिले काही आठवडे जणू कवचात मिटलेले असते असे मांडिले होते. प्रयोगांत मात्र ते पहिल्या दिवसांतच चेहऱ्यांकडे वळते, आईच्या आवाजास ओळख देते, असे आढळून आले. रचलेले बालक टाकून पाहिलेले बालक घ्यावे, इतके हे सोपे नाही. परंतु दोहोंना एकच समजण्याची सवय मोडणे हे या अभ्यासक्रमाचे पहिले काम असावे, आणि त्यासाठी फ्रॉइडच्या सिद्धांतांवरील व्याख्यानांच्या आधी बाळाच्या घरचा तास ठेवावा. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकदमच सुरू होतात.

आमच्याकडे या विद्येचे आगमन नवे नाही. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, आणि आपल्या हिंदी रोग्यांत ईडिपस गंडाचे रूप युरोपीय रोग्यांहून वेगळे दिसते, असे १९२९ च्या सुमारास खुद्द फ्रॉइडला लिहून कळविले. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिले आणि मत बदलले नाही. १९३१ मध्ये त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसास कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती गेली. ती त्याने आपल्या मेजावर ठेविली. मूर्ती स्वीकारली, पाठभेद स्वीकारला नाही! पुढे सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हिंदू मुलाचे आईशी दीर्घकाळ चाललेले सान्निध्य, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी पुरुषांच्या जगात त्याची होणारी अकस्मात रवानगी, यांचे मार्मिक विवेचन केले. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या तोडीचा या विषयावरील लेखक आपल्याकडे दुसरा झालेला नाही. तथापि त्यांची सामग्री पुराणकथा, मानववंशशास्त्रज्ञांचे वृत्तांत आणि प्रौढांच्या आठवणी ही होय. पाळण्यापाशी बसून केलेले निरीक्षण तीत थोडे. मराठी साहित्यासही हेच लागू पडते. आठवलेले बालपण आपल्याकडे उदंड आहे, आणि साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या गोष्टींनी तर दोन पिढ्यांच्या मनात आईची मूर्ती घडविली; पण ते मुलाने आठवलेले आहे, मुलाकडे पाहून लिहिलेले नाही.

एखाद्या मराठी विद्यार्थिनीने बिकबाईंची वही घेऊन पुण्यातील वा साताऱ्यातील एखाद्या घरी बसावे अशी कल्पना करून पाहिली असता पहिल्याच तासास अडचण उभी राहते. "आई" या सदराखाली काय लिहावे? बाळास न्हाऊमाखू घालणारी बाई येऊन गेली. आजीने धुरी दिली. मावशीने कडेवर घेऊन अंगण दाखविले. आईच्या मांडीवर ते दोनदा आले, तेही दूध पिण्यापुरते. लंडनच्या चर्चेत या आईस उदासीन ठरविले जाण्याचा संभव आहे, आणि तिच्या स्वतःच्या घरात तिला भाग्यवान म्हणतात. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडील रीत अनेक घरांत अजून चालू आहे. म्हणजे दोन वर्षांचे निरीक्षण ज्या घरी सुरू झाले, त्या घरून ते बाळ दोनतीन महिन्यांत उठते. एका दुपारी ओटी भरली जाते, सामान मोटारीत चढते, आणि ज्या हातांत ते रोज न्हात होते, ज्या आवाजाने झोपत होते, ते हात आणि तो आवाज मागे राहतात. सासरी दुसरी आजी, दुसरा पाळणा, दुसरा वास, आणि आईसुद्धा थोडी निराळी, कारण माहेरची लेक आता तेथील सून झालेली असते. त्या संबंध आठवड्यात ते बाळ कसे झोपले, दूध कसे प्याले, कोणाच्या बोलण्याकडे मान वळवून पुन्हा फिरविली, हे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस त्या दिवशी त्याच मोटारीत मागच्या बाजूस एक जागा मागून घ्यावी लागेल.